टाळेबंदीतल्या प्रयोगशाळा

साथीच्या काळात एखादे संशोधन किती अडते, हे त्याचे घड्याळ कशावर चालते यावर ठरते. फळमाशीचे उदाहरण पाहावे. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये या माश्यांच्या शेकडो नळ्या ओळीने मांडून ठेवलेल्या असतात. नळीच्या तळाशी मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून केलेली खळ, तोंडाशी कापसाचा बोळा आणि आत एकाच वाणाच्या माश्या. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. खळ वाळते, तिला बुरशी लागते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी माश्या नव्या नळीत झटकाव्या लागतात. पेशी गोठवून ठेवता येतात, काही प्राण्यांचे वीर्य गोठवता येते. फळमाशीच्या बाबतीत ही सोय सहजासहजी होत नाही. वाण टिकवायचे तर कोणीतरी येऊन नळ्या बदलल्याच पाहिजेत, मग दिवाळी असो की संप.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि २४ मार्चच्या रात्री भारतात देशभराची टाळेबंदी जाहीर झाली. संशोधन संस्थांना त्या आठवड्यात एकच यादी करायची होती: कोणते काम थांबवले तर चालेल आणि कोणते थांबवले तर कायमचे जाईल. पेशींची कल्चर्स गोठवून द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत उणे १९६ अंशांवर ठेवता येतात, पण तो नायट्रोजन उडून जातो आणि टाक्या पुन्हा भराव्या लागतात. उणे ८० अंशांच्या फ्रीझरांना वीज लागते आणि वीज गेली तर जनरेटर सुरू झाला की नाही हे पाहायला माणूस लागतो. एनएमआर यंत्रांची चुंबके द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असतात, हेलियम संपला तर चुंबक बंद पडते. त्यामुळे बंद संस्थांमध्येही पास घेऊन येणारी चार-दोन माणसे असायचीच. त्यांत प्राध्यापकांपेक्षा तंत्रज्ञ, प्राणिगृहातले कर्मचारी आणि वसतिगृहात अडकलेले पीएचडीचे विद्यार्थी जास्त.

सर्वांत कठीण निर्णय प्राणिगृहांत झाले. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. पिंजरे साफ करणारे हात कमी झाले की उंदीर कमी करावे लागतात, आणि कमी करणे म्हणजे मारणे. अमेरिका-युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी २०२० च्या वसंतात प्रयोगातले उंदीर मोठ्या संख्येने मारले. दोन-तीन जनुकीय बदल एकाच उंदरात आणायचे तर पिढ्यांमागून पिढ्या संकर करावा लागतो, त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. दार पुन्हा उघडल्यावर असे उंदीर गमावलेला संशोधक टाळेबंदीच्या आधी जिथे होता तिथे नव्हता, त्याच्याही मागे गेलेला होता.

ज्यांनी वीर्य किंवा भ्रूण गोठवून ठेवले होते ते वाचले. अशा गोठवलेल्या वाणांतले एक तर साऱ्या जगाच्या कामी आले. साध्या उंदराला हा नवा विषाणू सुरुवातीला नीट बाधत नव्हता, कारण विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो ते उंदरात वेगळे असते. आयोवा विद्यापीठातील स्टॅन्ली पर्लमन आणि पॉल मॅक्रे यांच्या गटांनी २००७ मध्ये सार्सच्या अभ्यासासाठी माणसाचे एसीई-२ असलेला उंदीर तयार केला होता. सार्स विरला, उंदराला मागणी उरली नाही, पण वीर्य गोठवलेले राहिले. २०२० मध्ये मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेने त्यापासून पुन्हा पिल्ले वाढवली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवली.

काही शास्त्रांचे घड्याळ ऋतूवर किंवा ग्रहांवर चालते. कृष्णविवराची पहिली प्रतिमा एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध करणारा इव्हेंट होरायझन टेलिस्कोप हा प्रकल्प जगभर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी वापरतो. सगळ्या ठिकाणी एकदम आकाश स्वच्छ असण्याची शक्यता वर्षातून थोडेच दिवस, मार्च-एप्रिलमध्ये असते. २०२० ची निरीक्षणे मार्चमध्ये रद्द झाली आणि पुढची संधी थेट वर्षाने आली. त्या जाळ्यातली सर्वांत मोलाची, चिलीच्या वाळवंटातली आल्मा दुर्बीण मार्च २०२० मध्ये बंद पडली, तिची वैज्ञानिक निरीक्षणे मार्च २०२१ मध्येच सुरू झाली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो आणि व्हर्गो वेधशाळांची तिसरी निरीक्षणफेरी ३० एप्रिलपर्यंत चालायची होती, ती २७ मार्चलाच आटोपली. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. नासाचे पर्सिव्हिअरन्स ३० जुलै २०२० रोजी ती वेळ साधून निघाले. युरोप आणि रशियाच्या एक्सोमार्स मोहिमेच्या चाचण्या आधीच रखडल्या होत्या, त्यात अभियंत्यांचा प्रवास बंद झाला आणि मोहीम २०२२ वर गेली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध आले.

बर्फात अडकलेल्या एका जहाजाची गोष्ट याहून बोलकी आहे. पोलारश्टर्न हे जर्मन संशोधनजहाज २०१९ च्या शरद ऋतूत उत्तर ध्रुवाजवळच्या एका हिमखंडाला मुद्दाम बांधून घातले गेले. वर्षभर त्याच्याबरोबर वाहत जायचे आणि हवा, बर्फ, समुद्र यांची अखंड मोजमापे करायची असा बेत होता. दर दोन-तीन महिन्यांनी जहाजावरची माणसे बदलायची होती. एप्रिल २०२० मधली अदलाबदल विमानाने व्हायची होती, पण नॉर्वेने सीमा बंद केल्या. आधीच ठरल्यापेक्षा जास्त काळ बर्फावर राहिलेल्या माणसांना परत आणायचे कसे? शेवटी नव्या तुकडीला जर्मनीत विलगीकरणात ठेवून दोन जहाजांतून स्वालबार्डपर्यंत नेले. पोलारश्टर्नने मेच्या मध्यावर हिमखंड सोडला, दक्षिणेला येऊन माणसे बदलली आणि जूनच्या मध्यावर ते परतले. मधला सुमारे महिनाभर बर्फावर फक्त आपोआप चालणारी उपकरणे होती, आणि तो महिना बर्फ वितळू लागण्याचा.

गोव्याहून अंटार्क्टिकाला निघणाऱ्या भारतीय मोहिमेलाही वाट बदलावी लागली. वास्को द गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे या मोहिमांची व्यवस्था असते. एरवी बहुतेक सदस्य केपटाउनपर्यंत विमानाने जातात. ४०वी मोहीम मात्र ५ जानेवारी २०२१ रोजी ४३ माणसांसह गोव्याच्या बंदरातूनच बोटीने निघाली. नवे प्रकल्प बाजूला ठेवले गेले, चालू नोंदी खंडित होऊ द्यायच्या नाहीत आणि मैत्री व भारती या तळांवरची माणसे बदलायची, एवढाच हेतू होता. ही सावधगिरी फाजील नव्हती. आदल्याच महिन्यात चिलीच्या अंटार्क्टिकातल्या एका तळावर ३६ जण कोविडबाधित निघाले होते.

साथ संशोधन थांबवते तसे ते ओढूनही नेते. हे मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन कलकत्त्यात कॉलऱ्याच्या लशीवर काम करत होते. ते काम तिथेच ठेवून ते ऑक्टोबरमध्ये मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत आणि तुटपुंज्या मदतीवर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे मूळ तिथे आहे. कॉलऱ्याचे अपुरे राहिलेले काम मात्र प्लेगच्या इतिहासात कोणी मोजत नाही.

२०२० मध्ये हेच सगळ्या जगात एकदम झाले. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात सापडला, त्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने मार्चमध्ये विषाणू वेगळा करून वाढवला आणि पुढे कोव्हॅक्सिन त्यापासूनच बनली. लस माणसांना देण्याआधी माकडांवर पाहायची होती. त्यासाठी कोवळ्या वयाची ऱ्हीसस माकडे हवी होती आणि देशात ती प्रयोगासाठी वाढवली जात नव्हती. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी पुढे आपल्या पुस्तकात ही शोधाशोध सांगितली आहे. टाळेबंदीत शहरे ओस पडली, माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाले आणि माकडे जंगलात आत निघून गेली होती. महाराष्ट्राच्या वनखात्याने रान तुडवले, तेव्हा ती अखेर नागपूरच्या बाजूला सापडली. वीस माकडांवर पुण्यात प्रयोग झाला. लशीच्या वेळापत्रकात माकड पकडण्याचे दिवस कोणी धरलेले नसतात.

आरटी-पीसीआर यंत्र रेण्वीय जीवशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांत असतेच. त्यामुळे कर्करोग, वनस्पती किंवा जिवाणू यांवर काम करणारी मंडळी नमुने तपासायला बसली. हैदराबादच्या सीसीएमबीत तपासणी सुरू झाली, इतर संस्थांतही झाली. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूच्या जनुकक्रमावर नजर ठेवण्यासाठी दहा प्रयोगशाळांचे इन्साकॉग हे जाळे उभे राहिले, त्यांत पुण्याच्या दोन संस्था होत्या: राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. पुढच्या वसंतात महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ठळकपणे दिसलेल्या बदलालाच मेअखेरीस डेल्टा हे नाव मिळाले. तपासणीच्या या कामाचा दुसरा परिणाम सामानावर झाला. हातमोजे, पिपेटच्या टिप्स, आरएनए वेगळे करण्याची किट्स हे सगळे आधी तपासणी केंद्रांकडे वळले. ज्यांचा विषय कोविड नव्हता त्यांची लॅब उघडली तरी खोक्यात टिप्स नव्हत्या.

प्रयोग बंद आणि पेपरांचा मात्र पूर, असे विचित्र दृश्य त्या वर्षी दिसले. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांकडे फेब्रुवारी ते मे २०२० या काळात आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ५८ टक्के जास्त पेपर आले, आरोग्य आणि वैद्यकात ९२ टक्के. घरी बसलेल्या माणसाने जुन्या वह्या उघडल्या, विश्लेषण करायचे राहून गेलेले आकडे बाहेर काढले आणि लिहिले. कोविडवर वर्षभरात लाखाहून अधिक लेख निघाले. जगातल्या एकूण संशोधनाच्या सुमारे ४ टक्के! तज्ज्ञांनी तपासण्याआधीच लेख खुला करण्याची, म्हणजे प्रीप्रिंटची पद्धत भौतिकशास्त्रात १९९१ पासून रुळलेली होती. वैद्यकाचे मेडआर्काइव्ह हे भांडार जून २०१९ मध्ये सुरू झाले होते, जणू साथीच्या तोंडावर.

या घाईचे फळ दोन्ही प्रकारचे. जानेवारी २०२० मध्ये शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने विषाणूचा जनुकक्रम सिडनीच्या एडवर्ड होम्स यांच्यामार्फत सर्वांसाठी खुला केला, म्हणून लशींचे काम लगेच सुरू होऊ शकले. (झांग यांची प्रयोगशाळा दुसऱ्याच दिवशी ‘सुधारणेसाठी’ बंद करायला लावली गेली.) दुसरीकडे, त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी दिल्लीतल्या काही संशोधकांनी नव्या विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे आहेत असा प्रीप्रिंट टाकला. जगभरच्या जाणकारांनी त्यातली चूक दाखवली आणि दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. प्रीप्रिंट बेभरवशाचे आणि छापील नियतकालिक खात्रीचे, असेही म्हणता येत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा ९६ हजार रुग्णांच्या माहितीचा पेपर लॅन्सेटसारख्या नियतकालिकात तज्ज्ञांच्या तपासणीतून गेला, २२ मेला छापून आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण मूळ आकडे कोणालाच दाखवता येईनात. त्याच दिवसांत ब्रिटनमध्ये रिकव्हरी ही चाचणी शांतपणे चालली होती. शेकडो छोट्या चाचण्यांऐवजी एकच मोठी, साध्या नियमांची. डेक्सामिथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे तृतीयांशाने कमी होतात, हे तिने १६ जूनला सांगितले. त्या वर्षीच्या गदारोळातले हे सर्वांत समजूतदार काम म्हणायला हरकत नाही.

वेळेची वाटणी कशी बदलली याची मोजणीही झाली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या सुमारे साडेचार हजार प्राध्यापक-संशोधकांना विचारले तेव्हा आठवड्याचे कामाचे तास सरासरी ६१ वरून ५४ वर आल्याचे दिसले. गणित, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र यांत घट थोडी. जीवरसायन, जीवशास्त्र, रसायनशास्त्र यांत संशोधनाचा वेळ ३० ते ४० टक्क्यांनी घटलेला. मात्र विषयापेक्षाही घरातले मूल जड पडले. ज्यांना पाच वर्षांखालचे मूल होते त्यांचा संशोधनाचा वेळ इतरांपेक्षा आणखी सुमारे १७ टक्क्यांनी घटला आणि स्त्रियांचा वेळ पुरुषांपेक्षा जास्त कमी झाला. एल्सव्हिअरच्या आकड्यांतही तेच दिसते: पहिल्या लाटेत पुरुषांकडून येणारे पेपर जास्त वाढले, स्त्रियांकडून येणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. त्या दिवसांत न्यूटनची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती. १६६५ च्या प्लेगमध्ये केंब्रिज बंद झाले, तो गावी वूल्स्थॉर्पला गेला आणि कलनशास्त्र, प्रकाश, गुरुत्वाकर्षण यांवर त्याने काम केले. गोष्ट खरी आहे, पण न्यूटन बाविशीचा होता, अविवाहित होता, त्याला कोणाला शिकवायचे नव्हते आणि स्वयंपाकही करायचा नव्हता.

शिकवणे हा भारतातल्या विद्यापीठीय संशोधकाच्या कामाचा मोठा भाग. तो रातोरात मोबाइलच्या पडद्यावर गेला. प्रात्यक्षिके तर व्हिडिओ दाखवून उरकावी लागली. महाराष्ट्रात अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेशिवाय पदवी नाही, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी आला आणि मग विद्यापीठांनी धावपळ करून त्या बहुतांशी ऑनलाइन घेतल्या. प्रश्नसंच तयार करणे, सराव चाचण्या, नेटवर्क गेलेल्या मुलांचे फोन यांत प्राध्यापकांचे कित्येक आठवडे गेले. त्यांची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात नाही.

सर्वांत अवघड स्थिती पीएचडीच्या मधल्या वर्षांत असलेल्यांची झाली. ज्याचे प्रयोग आटोपले होते तो प्रबंध लिहीत बसला, जो नुकताच रुजू झाला होता त्याला वाचायला वेळ मिळाला. तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला मात्र आकडे हवे होते आणि आकडे लॅबमध्ये होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करायची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढवली, पण फेलोशिपचा काळ पाच वर्षेच राहील असेही त्याच सूचनेत लिहिले. तेव्हा नेट-जेआरएफला महिना ३१ हजार आणि दोन वर्षांनंतर ३५ हजार मिळत. म्हणजे बंद लॅबच्या महिन्यांचेही पैसे त्या पाच वर्षांतच धरले गेले, आणि वाढवून मिळालेले महिने बिनपगारी ठरले. परदेशातली पोस्टडॉक नक्की झालेल्यांपुढे व्हिसाचा प्रश्न होता. अमेरिकेने जून २०२० मध्ये एच-१बीसह काही व्हिसा वर्षअखेरपर्यंत थांबवले. जुलैमध्ये ऑनलाइन वर्ग असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा नियम काढला आणि आठवड्याभरात मागेही घेतला. तो एक आठवडा पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांना लक्षात राहिला असेल.

परिषदा थांबल्या. अमेरिकन भौतिकशास्त्र संस्थेची दहा हजारांहून अधिक लोकांची डेन्व्हरमधली सभा सुरू होण्याच्या जेमतेम दीड दिवस आधी रद्द झाली, काही जण तोवर पोचलेही होते. इंडियन सायन्स काँग्रेसचे १०७वे अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये बंगळूरला झाले, १०८वे थेट जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला. पडद्यावरच्या परिषदांनी प्रवासखर्च वाचवला आणि छोट्या गावातल्या विद्यार्थ्याला नोबेल विजेत्याचे व्याख्यान फुकट ऐकवले, हे मान्य. पण दोन अनोळखी माणसे चहाच्या रांगेत उभी राहून नवा प्रकल्प ठरवतात, ते पडद्यावर होत नाही. संशोधकांच्या वेळेची २०२१ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा हेच आढळले: कामाचे तास बऱ्यापैकी पूर्ववत झाले होते, कोविडव्यतिरिक्त विषयांत नवे प्रकल्प सुरू होण्याचे प्रमाण मात्र स्पष्टपणे घटले होते. पेपर मोजून हे कळत नाही, कारण छापून आलेला पेपर दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कामाचा असतो.

मोजमापात पडलेले खंड नंतर कसे नडतात, याचे उदाहरण अलास्काच्या समुद्रात आहे. बेरिंग समुद्राच्या तळावर दर उन्हाळ्यात जाळी ओढून मासे आणि खेकडे मोजण्याची पाहणी १९७५ पासून चालू आहे. २०२० मध्ये बोटीवर माणसांना दाटीने ठेवणे धोक्याचे म्हणून ती रद्द झाली. त्याआधी २०१८ मध्ये स्नो क्रॅब जातीचे खेकडे विक्रमी संख्येने होते. २०२१ मध्ये जाळी पुन्हा टाकली तेव्हा बहुतेक नाहीसे झालेले, आणि हिशेब दहा अब्जांहून अधिक खेकड्यांचा. २०२२-२३ च्या हंगामात या खेकड्यांची मासेमारी पहिल्यांदाच पूर्ण बंद ठेवावी लागली. समुद्र तापला, खेकड्यांची भूक वाढली आणि तेवढे अन्न नव्हते, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते नेमके कधी मेले, एकदम की हळूहळू, हे ज्या वर्षीच्या आकड्यांवरून समजले असते, त्या २०२० चा रकाना तक्त्यात रिकामा आहे.